मधुमेह निघाल्यावर भात-भाकरीचे नियोजन कसे करावे?

तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत या पट्ट्यात खरिपात शेतात भात आणि वर्षभर ताटातही भात. घरातील एक तरी माणूस तळेगाव किंवा चाकणच्या एमआयडीसीत कामाला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत किंवा गावातील शिबिरात ‘साखर वाढली’ असे कळते. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि निघताना सांगतात, ‘भात कमी करा, गोड बंद करा.’ घरी आल्यावर प्रश्न पडतो तो घरच्या बाईला : मग उद्यापासून शिजवायचे काय?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्याच शेतात आणि कणगीत आहे. कोणत्या धान्यात काय असते, किती खाल्ले तर किती साखर वाढते आणि घरासाठी कोणते पीक घ्यावे, हे या लेखात पाहू. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून कमी-जास्त करू नये.

साखर वाढते कशाने?

तांदूळ, ज्वारी, गहू यांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक साखळी. पचनात ती सुटते आणि ग्लुकोज रक्तात उतरते. ते पेशींत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते किंवा त्याचा परिणाम नीट होत नाही, त्यामुळे ग्लुकोज रक्तातच साचते. म्हणून ‘मी गोड खातच नाही, तरी साखर कशी?’ हा प्रश्न फसवा आहे. जिभेला गोड न लागणारा भातही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेह धरला जातो. त्रास होत नसेल, तर खात्रीसाठी डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात. एचबीएवनसी ही साधारण मागील तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यामुळे तपासणीच्या आधी दोन दिवस भात सोडून काही लपत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के आहे. भारतीय आहारात सुमारे ६० टक्के किंवा त्याहून अधिक उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिने कमी पडतात. याच पाहणीच्या आधारे २०२२ मध्ये झालेल्या विश्लेषणात नव्याने मधुमेह आढळलेल्यांसाठी पिष्टमय पदार्थांचा वाटा ५० टक्क्यांच्या आसपास आणणे आणि प्रथिने २० टक्क्यांपर्यंत नेणे उपयोगी ठरेल, असे दिसले. म्हणजे भात-भाकरी पूर्ण बंद करा असे कोणी सांगत नाही. वाटा कमी करायचा आहे आणि ती जागा डाळी, कडधान्ये, दूध-दही, अंडी व भाज्यांनी भरायची आहे.

कोणत्या धान्यात किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या धान्यातील पिष्टमय पदार्थ, तंतू आणि प्रथिने साधारण अशी आहेत :

- पांढरा तांदूळ : पिष्टमय ७८ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅम, प्रथिने ८ ग्रॅम
- ज्वारी : पिष्टमय ६८ ग्रॅम, तंतू १० ग्रॅम, प्रथिने १० ग्रॅम
- नाचणी : पिष्टमय ६७ ग्रॅम, तंतू ११ ग्रॅम, प्रथिने ७ ग्रॅम
- गव्हाचे पीठ : पिष्टमय ६४ ग्रॅम, तंतू ११ ग्रॅम, प्रथिने १०.५ ग्रॅम
- बाजरी : पिष्टमय ६२ ग्रॅम, तंतू ११.५ ग्रॅम, प्रथिने ११ ग्रॅम
- अख्खे मूग : पिष्टमय ४६ ग्रॅम, तंतू १७ ग्रॅम, प्रथिने २२.५ ग्रॅम
- अख्खा हरभरा : पिष्टमय ४० ग्रॅम, तंतू २५ ग्रॅम, प्रथिने १९ ग्रॅम
- शेंगदाणे : पिष्टमय १७ ग्रॅम, तंतू १० ग्रॅम, प्रथिने २४ ग्रॅम

हे आकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, तृणधान्यांमध्ये आपसात फरक आहे, पण फार मोठा नाही. दुसरी, तृणधान्य आणि कडधान्य यांतला फरक मात्र मोठा आहे. हरभऱ्यात तांदळाच्या जवळपास निम्मे पिष्ट आणि दुपटीहून अधिक प्रथिने आहेत. म्हणून ‘तांदूळ सोडून ज्वारी’ या बदलापेक्षा ‘धान्य कमी, कडधान्य जास्त’ हा बदल अधिक उपयोगी पडतो.

भाकरी चालते, पण मोजून

मधुमेह निघाला की अनेक घरांत भात बंद होतो आणि भाकऱ्या दोनाच्या तीन होतात. साखर तिथेच राहते आणि मग माणूस वैतागून पथ्यच सोडतो. हिशेब असा आहे : ६० ग्रॅम पिठाच्या एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. ५० ग्रॅम तांदळाचा शिजलेला भात, म्हणजे साधारण एक वाटी, यातही सुमारे ४० ग्रॅमच. आणि ३० ग्रॅम पिठाच्या दोन चपात्या म्हणजेही जवळपास तेवढेच. एक भाकरी, एक वाटी भात आणि दोन चपात्या ही साधारण एकाच वजनाची मापे आहेत, असे लक्षात ठेवावे.

मग भाकरीचा फायदा काय? तंतू जास्त असल्याने पोट लवकर भरते आणि चावून खावी लागते. हा फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे. नाचणीची भाकरी आणि नाचणीची पातळ आंबील यांतही फरक आहे. पीठ बारीक दळून, पाण्यात शिजवून प्यायले की ते लवकर पचते आणि साखर लवकर चढते.

ज्वारीत हरभरा डाळीचे पीठ मिसळण्याची पद्धत चांगली आहे, पण तिच्याकडूनही जास्त अपेक्षा नको. तीन भाग ज्वारी आणि एक भाग डाळीचे पीठ घेतले तर ६० ग्रॅमच्या भाकरीतील पिष्टमय पदार्थ ४० वरून ३७-३८ ग्रॅमवर येतात. प्रथिने वाढतात हा खरा लाभ. भाकऱ्यांची संख्या मोजावीच लागते.

इंद्रायणीचे काय करायचे?

इंद्रायणी ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहरापासून तयार करून १९८७ मध्ये दिलेली जात. तिच्या वासाने आणि मऊ, थोड्या चिकट भाताने मावळचे नाव झाले, बाजारभावही मिळाला. पण मऊ आणि चिकट शिजणाऱ्या तांदळात सहसा अमायलोज हा पिष्टाचा प्रकार कमी असतो. अमायलोज जास्त असलेला तांदूळ मोकळा शिजतो आणि तुलनेने सावकाश पचतो. शिवाय मऊ भात न चावता भराभर आणि जास्त खाल्ला जातो.

म्हणून घरचा इंद्रायणी फेकून द्यायचा का? नाही. पुढील नियम पाळावेत :

- भात दिवसातून एकदाच, शक्यतो दुपारी. शिजलेला भात अर्धी वाटी.
- भात आणि भाकरी दोन्ही हवे असतील तर दोन्ही निम्मे करावेत.
- नुसता वरण-भात किंवा ताक-भात खाऊ नये. वाटीभर घट्ट उसळ आणि भाजी आधी खावी, भात शेवटी घ्यावा.
- आसट भात, गुरगुट्या भात आणि पेज रोजच्या जेवणात टाळावी.
- हातसडीच्या तांदळात तंतू थोडे अधिक असतात, पण पिष्टात फारसा फरक नसतो. माप तेच ठेवावे.

‘शुगर फ्री तांदूळ’ अशा नावाने चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या मालापासून सावध राहावे. पिष्ट नसलेला तांदूळ नसतो.

नेहमीचे ताट आणि बदललेले ताट

दोन भाकऱ्या, दोन वाट्या भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी हे आपल्याकडील नेहमीचे दुपारचे जेवण. दोन भाकऱ्यांचे ८० ग्रॅम, भाताचे ७८ ग्रॅम आणि १०० ग्रॅम बटाट्याचे १५ ग्रॅम मिळून एका जेवणात १७० ग्रॅमहून अधिक पिष्टमय पदार्थ होतात.

आता हे ताट पाहा. एक भाकरी (४० ग्रॅम), अर्धी वाटी भात (२० ग्रॅम), ४० ग्रॅम हरभऱ्याची घट्ट उसळ (१६ ग्रॅम), वाटीभर मेथी, शेपू किंवा दोडक्याची भाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि वाटीभर दही. एकूण साधारण ८५ ग्रॅम. पिष्ट निम्म्यावर आले, पण ताट रिकामे दिसत नाही आणि पोटही भरते. मांसाहारी घरात उसळीच्या जागी दोन अंडी, मासे किंवा चिकन चालते. रस्सा पातळ आणि भाकरी जास्त, असे मात्र होऊ देऊ नये.

मध्यम कष्टाच्या माणसाला दिवसाला २,००० उष्मांक लागतात असे धरले, तर त्याचे ५० टक्के म्हणजे दिवसभरात २५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. दुपारी ८५, रात्री ७०, नाश्त्याला ५० आणि दूध, फळ मिळून ३०-४० अशी वाटणी करता येते. वजन, वय आणि कष्टाप्रमाणे हे आकडे बदलतात. दिवसाला ५० ग्रॅमपेक्षा कमी पिष्ट घेण्याचा कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

नाश्ता, चहा आणि उपवास

पोहे म्हणजे तांदूळच, उपमा म्हणजे गहूच. त्याऐवजी मुगाचे धिरडे, बेसनाची पोळी, मोड आलेली मटकी किंवा उकडलेली अंडी घ्यावीत. पोहे करायचेच असतील तर मूठभर पोह्यांत त्याहून जास्त मटार, शेंगदाणे आणि कोबी घालावा.

चहाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. शेतात, कंपनीत आणि पाहुण्यांकडे मिळून दिवसात पाच चहा झाले तर ५० ग्रॅम साखर, म्हणजे एका भाकरीपेक्षा जास्त पिष्ट, तेही लगेच रक्तात उतरणारे. साखरेऐवजी गूळ घेतल्याने सुटका होत नाही. सेंद्रिय गूळ असला तरी त्यात बहुतांश साखरच असते. मधाचेही तेच.

आपल्या भागात देहू-आळंदी जवळ, घरोघरी वारकरी आणि एकादशी नेमाची. साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक पिष्ट असते आणि तंतू जवळपास नसतात. वरीचा भातही मापाच्या बाबतीत भातासारखाच धरावा. उपवास करायचा असेल तर राजगिऱ्याची एक भाकरी, काकडीची कोशिंबीर, दही, मूठभर शेंगदाणे आणि एखादा पेरू असे ठरवावे. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशी डोस कसा घ्यायचा, हे आधीच डॉक्टरांना विचारावे.

कंपनीत दुसरी किंवा तिसरी पाळी असेल तर जेवणाच्या वेळा बदलतात. कँटीनमध्ये भात-चपाती दोन्ही घेण्याऐवजी एकच घ्यावे, उसळ दोनदा घ्यावी. गेटबाहेरच्या वडापावात पाव आणि बटाटा दोन्ही पिष्टमय आहेत. डब्यात भाजलेले हरभरे किंवा शेंगदाणे ठेवले तर रात्री दोन वाजताची भूक त्यावर भागते.

लावणीच्या दिवसांत घ्यावयाची काळजी

हा भाग घरातील सर्वांनी वाचावा. पिष्ट कमी केले, गोळी तीच राहिली आणि दिवसभर चिखलात वाकून लावणी केली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तो सहसा कमी असतो. म्हणून आहार बदलण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे : ‘मी भात-भाकरी निम्मी करणार आहे, आणि या महिन्यात लावणीचे काम आहे. गोळी तीच ठेवायची का?’

घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. साखर ७० च्या खाली गेली असेल किंवा मोजायची सोय नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. १५ मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी आणि नंतर जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. बांधावरच्या पिशवीत साखरेची पुडी कायम ठेवावी आणि सोबतच्या मजुरांनाही त्याची कल्पना द्यावी.

ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, त्या घेणाऱ्यांनी पिष्ट एकदम कमी करू नये आणि उपाशी राहू नये. अशा वेळी रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो आणि साखर फार वाढलेली नसतानाही तो संभवतो. उलट्या, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास थांबू नये.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वीही सल्ला घ्यावा. आणि अनवाणी खाचरात उतरू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. रोज संध्याकाळी पाय धुऊन तळवे तपासावेत.

स्वतःच्या शरीरावर प्रात्यक्षिक घ्या

नवीन वाण आपण आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो, शेजारी जुने वाण ठेवतो आणि खत-पाणी सारखे देतो. ताटाचेही तसेच करावे. ग्लुकोमीटरने जेवणाआधी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजावी. एक दिवस दोन वाट्या भात, दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी भात आणि उसळ. बाकी जेवण, गोळी आणि काम तेच. दोन्ही आकडे वहीत लिहावेत. एका वेळी एकच बदल केला तरच कशाने फरक पडला ते कळते.

जेवणानंतर दोन तासांनी साखर १८० च्या आत राहावी, असे लक्ष्य बहुतेकांसाठी ठेवतात. वयस्कर व्यक्तींसाठी ते वेगळे असू शकते. ही वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी. जेवणानंतर १५-२० मिनिटे चालल्याने आकड्यात काय फरक पडतो, तेही याच वहीत पाहता येईल.

रब्बीत घरासाठी कडधान्य

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २,००० उष्मांकांच्या आदर्श ताटात माणशी रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आहेत. पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण १५५ किलो लागतात. विकत घ्यायचे तर हा खर्च जड वाटतो आणि आमटी पातळ होते. भात काढणीनंतर अनेक खाचरे रिकामी पडतात. ओलाव्यावर एकरी तीन क्विंटल हरभरा आला असे धरले, तरी २० गुंठ्यांत घराची वर्षाची गरज भागते.

- काढणीनंतर ओल उडण्याआधी पेरणी उरकावी. उशीर झाल्यास उगवण विरळ होते.
- मर रोगाला प्रतिकारक असलेले विजय, दिग्विजय यांसारखे वाण निवडावेत. विजयसाठी हेक्टरी ६५ ते ७० किलो, म्हणजे २० गुंठ्यांना १३ ते १४ किलो बियाणे लागते. अंतर ३० बाय १० सेंटिमीटर ठेवावे.
- प्रति किलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. त्यानंतर १० ते १५ किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम आणि तेवढेच स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावावेत. बियाणे सावलीत सुकवून पेरावे.
- कडेच्या ओळींत मसूर, वाल-पावटा घ्यावा. बांधावर तूर लावली तर ओल्या शेंगांची उसळही मिळते.

परसबागेत मेथी, शेपू, चाकवत, वांगी, गवार, दोडका, कारले आलटून पालटून घ्यावे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू या रानभाज्या आहेतच. बटाटा, रताळे, सुरण मात्र भाजीत न धरता धान्यात धरावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

भरडधान्याच्या प्रचारात ‘नाचणी खा, मधुमेह जाईल’ अशी वाक्ये टाळावीत. ऐकणारा गोळी सोडतो आणि सहा महिन्यांनी डोळ्यांची किंवा पायांची तक्रार घेऊन येतो. सभेत पीठ, तांदूळ आणि हरभरा प्रत्यक्ष काट्यावर तोलून दाखवावा. ६० ग्रॅम पीठ किती दिसते हे एकदा पाहिले की विसरत नाही. पुरुषांच्या सभेत सांगून भागत नाही. स्वयंपाक करणाऱ्या महिला, बचत गट आणि आशाताईंना सोबत घ्यावे. ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, हे प्रत्येक शेतीशाळेत सांगावे.

घरात एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक जास्त दिवस टिकत नाही आणि त्याचा भार एकाच बाईवर पडतो. वर दिलेले ताट घरातील इतर मोठ्यांनाही चालते. भात-भाकरी ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाढावी, उसळ आणि भाजी सर्वांना सारखी. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर मुलांनाही पुढे तो होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे ही सवय त्यांच्याही कामी येते.

सुरुवात या आठवड्यात तीन गोष्टींपासून करावी : चहातील साखर बंद, भात अर्धी वाटी आणि रोज एक घट्ट उसळ. वहीत आकडे लिहावेत आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा तपासून घ्यावी.